बारा सामने आणि एक गुण

मुलांनो, कबड्डीत एका गुणानं हरलं की जेवण कसं गोड लागत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. आज अशाच एका गुणाची हकिकत सांगतो. ती आहे १९११ सालची, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल गावच्या शाळेची.

आधी शाळेविषयी. गोरे लोक जाण्यापूर्वी अमेरिकेत जे लोक राहत होते, त्यांना जुन्या पुस्तकांत 'रेड इंडियन' म्हटलेलं आढळेल. हिंदुस्थानाशी त्यांचा काही संबंध नाही बरं का! कोलंबस आपल्याकडे यायला निघाला आणि भलतीकडेच पोचला, त्या चुकीतून हे नाव पडलं. या मूळ रहिवाशांच्या जमिनी तर गेल्याच, पुढं त्यांची मुलंही शिकवायची म्हणून दूर नेली. १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं सैन्याच्या जुन्या बराकींत ही शाळा काढली. मूल आलं की त्याचे लांब केस कापायचे, नाव बदलायचं, गणवेश चढवायचा. घरची भाषा बोललं तर शिक्षा. पुष्कळांची घरं शेकडो कोस लांब, पळून तरी कुठं जाणार? आजारपणानं कित्येक मुलं तिथंच दगावली. त्यांचे पुरलेले अवशेष २०१७ सालापासून कुठं घरच्या माणसांकडे परत जाऊ लागले.

अशा शाळेचा फुटबॉलचा संघ मोठमोठ्या कॉलेजांशी सामने खेळत असे. शाळा असली तरी खेळाडू काही लहान नव्हते. त्यांतला जिम थॉर्प विशी ओलांडलेला होता. प्रशिक्षक होते ग्लेन वॉर्नर. मोठे सामने बहुतेक परगावी, आगगाडीनं जाऊन खेळायचे.

हा फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो नव्हे. चेंडू लांबट, दोन्हीकडून निमुळता. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला पाडायचं. तीन प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढं सरकलं नाही तर चेंडू दुसऱ्या संघाला. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की 'टचडाउन', त्याचे तेव्हा ५ गुण. त्यानंतर एक किक मिळे. चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांडीच्या वरून गेला तर जास्तीचा १ गुण. खेळ चालू असताना तशीच किक मारून गोल केला तर ३ गुण. (पुढच्याच वर्षी, १९१२ साली, टचडाउनचे ६ गुण झाले.) एवढं ध्यानात ठेवा, पुढं हिशेब आहे.

कार्लाइलनं त्या वर्षी पहिले आठही सामने जिंकले. ११ नोव्हेंबरला गाठ पडली हार्वर्डशी. हार्वर्ड म्हणजे देशातलं नामांकित विद्यापीठ आणि बलाढ्य संघ. त्यांनी सुरुवातीला राखीव खेळाडू उतरवले, या पोरांना तेवढे पुरेत म्हणून! थॉर्पचा पाय दुखावलेला, पट्ट्या बांधलेला. त्याच पायावर तो खेळला. चार वेळा त्यानं गोल मारले, त्यांतला एक तर चाळीस यार्डांहून लांबून. चार त्रिक बारा. एक टचडाउन आणि त्यावरची किक मिळून सहा. झाले अठरा. शेवटी हार्वर्डनं आपले कसलेले गडी आणले, त्यांनी एक किक अडवून टचडाउनही केलं, पण वेळ संपली. कार्लाइल १८, हार्वर्ड १५.

आणि पुढच्याच आठवड्यात सिराक्यूज विद्यापीठाशी सामना. इथं दोन्ही संघांची टचडाउन दोन-दोन. सिराक्यूजच्या दोन्ही किक लागल्या, कार्लाइलची एक हुकली. १२ विरुद्ध ११! हार्वर्डला चार गोल मारणाऱ्या थॉर्पचीच ती किक. मला विचाराल तर हार्वर्डच्या विजयापेक्षा हा सामना जास्त लक्षात राहतो. त्यानंतर चारच दिवसांनी पुन्हा मैदानात उतरून त्यांनी जॉन्स हॉपकिन्सला हरवलं, मग ब्राउनला. बारांपैकी अकरा सामने जिंकले.

थॉर्पनं १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली. पूर्वी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला म्हणून १९१३ साली ती काढून घेतली. दोन्ही शर्यतींत एकटा थॉर्पच पहिला, हे ऑलिंपिक समितीनं मान्य केलं २०२२ साली. तो वारला होता १९५३ सालीच. शाळाही १९१८ साली बंद झाली.

आता हिशेब. कार्लाइलचे बारा सामन्यांतले गुण असे : ५३, ३२, १७, ४६, २८, १७, १९, १६, १८, ११, २९, १२. बेरीज २९८ येते का पाहा. आणि हार्वर्डच्या १५ गुणांत दोन टचडाउन आणि एक गोल होता, तर त्यांच्या जास्तीच्या किक किती लागल्या? उत्तर वहीत लिहून आणा.