चित्रापूर्वीं चरखा

थोर छायाचित्रकारांचीं चित्रें पाहून घरोघरचीं मुलें कॅमेऱ्याचा हट्ट धरतात. त्यांनीं पुढील हकीकत अवश्य वाचावी. १९४६ सालीं मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाई महात्माजींचें छायाचित्र घेण्यास पुण्यास गेल्या. आधीं सूत कातावयास शिकावें, अशी त्यांना अट पडली. बाई निमूटपणें चरख्यापाशीं बसल्या. फ्लॅशचे तीनच दिवे वापरण्याची मुभा मिळाली. दोन फसले, तिसऱ्यानें तें जगप्रसिद्ध चित्र दिलें. नगर जिल्ह्यांत हंगामांत ऊसतोड मजुरांचीं छायाचित्रें काढावयास निघालेल्या आपल्या मुलानें प्रथम उसाची एक मोळी बांधून पाहावी. हात सोलले म्हणजे नजर नम्र होते, आणि मग समोरच्या माणसाचा मान न दुखवितां त्याचें चित्र घेतां येतें.