बारो कोलोरॅडो बेटावरचे दिवस

बेट म्हटले की समुद्र डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्या बेटाची हकीकत येथे सांगावयाची आहे ते समुद्रातले नव्हे. मध्य अमेरिकेतील पनामा देशात जहाजांसाठी कालवा काढताना अभियंत्यांनी चाग्रेस नदीवर गातून येथे धरण बांधले. जलाशयाचा फुगवटा चढत गेला, दऱ्याखोरी बुडाली, आणि १९१४ साली कालवा खुला झाला तेव्हा एका अरण्यमय डोंगराचा माथा तेवढा पाण्याबाहेर उरला होता. हेच बारो कोलोरॅडो. या स्पॅनिश नावाचा अर्थ तांबडी माती. सुमारे पंधराशे हेक्टरांचे हे बेट १९२३ साली अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आले. १९४६ पासून त्याचा कारभार अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेकडे आहे.

बेटावर गाव नाही, शेती नाही. येथे येणारा कामापुरता येतो. कुणी तीन महिने राहतो, कुणी वर्षभर. गांबोआच्या धक्क्यावरून सुटणारी नाव माणसांना आणते, तीच शिधासामग्रीही आणते.

दिवस उजाडतो तो हाउलर वानरांच्या आरोळ्यांनी. हा घुमणारा आवाज मैलभर ऐकू जातो. सी. आर. कार्पेंटर या संशोधकाने १९३१ च्या अखेरीस येथे येऊन याच वानरांच्या कळपांचे निरीक्षण आरंभिले, आणि रानातील वानरांचा समाज रानातच जाऊन अभ्यासण्याचा पायंडा पाडला. आज मात्र बहुतेकांना त्या आरोळ्या म्हणजे उठण्याची सूचना होय. पायघोळ विजार मोज्यांत खोचून रानात शिरावे लागते. कारण उन्हाळ्यात गोचिडी आणि पावसाळ्यात चिगर नावाचे सूक्ष्म कीटकसदृश जीव अंगावर चढतात, आणि खाज कित्येक दिवस झोप लागू देत नाही. घसरणाऱ्या वाटेवर तोल सावरण्यासाठी जवळचा बुंधा धरावा तर तो काळ्या काट्यांनी भरलेल्या ताडवर्गीय झाडाचा निघण्याचा संभव! वर्षाकाठी सुमारे २६०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या ओलाव्यात पुस्तकांना बुरशी धरते, भिंगांवर जाळी चढते. लाकडाला वाळवी सोडत नाही. म्हणूनच की काय, बेटाचा आरंभीचा व्यवस्थापक जेम्स झेटेक याने निरनिराळी द्रव्ये मुरविलेली लाकडे जमिनीत पुरून वाळवीवरचे प्रयोग वर्षानुवर्षे चालविले.

परंतु या साऱ्या हालअपेष्टा ज्याच्यासाठी, ते काम कोणते? बेटाच्या माथ्यावर ५० हेक्टरांचा, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपासचा, एक पट्टा आखलेला आहे. स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० च्या सुमारास तो आखला. त्याचे २० मीटर बाजूचे, आपल्या हिशेबाने चार-चार गुंठ्यांचे, १२५० चौरस पाडले आहेत. त्यांत ज्याचे खोड एक सेंटिमीटर जाड आहे असे प्रत्येक रोप, प्रत्येक वृक्ष मोजावयाचा, त्याला अंकित बिल्ला लावावयाचा आणि नकाशावर त्याची जागा नोंदावयाची. पहिल्या गणनेत दोन लाखांहून अधिक खोडे भरली. जाती सुमारे तीनशे. पुढे १९८५ पासून साधारणपणे दर पाच वर्षांनी ही गणना होत आली आहे. तीत परदेशी विद्यार्थी असतात, पण भार वाहिला तो मुख्यत्वे पनामातील तरुणांनी. केवळ पान पाहून जात ओळखणारी त्यांची नजर कुठल्याही पदवीइतकी मोलाची समजावी.

मोजणी जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर होते. वाचकाला हे काम पोरखेळ वाटेल. पण सावलीत वाढणारी कित्येक झाडे वर्षाला एक मिलिमीटरही जाड होत नाहीत. म्हणजे पाच वर्षांची सारी वाढ चार-पाच मिलिमीटर! दमलेल्या माणसाने फीत तिरपी गुंडाळली किंवा वेल फितीखाली दबू दिली, तर तेवढीच चूक होते, आणि झाडाची पाच वर्षे कागदावरून पुसली जातात. पांढऱ्या सावरीसारख्या वृक्षांना बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे फुटतात. तेथे शिडी लावून त्यांच्या वर फीत न्यावी लागते. मापाची जागा रंगाने खुणावून ठेवतात, कारण पुढच्या खेपेस फीत धरणारा हात बहुधा दुसऱ्याच कुणाचा असतो. काही झाडे तर पहिला आकडा न पाहता मुद्दाम पुन्हा मोजतात.

या काटेकोरपणाचा उपयोग लवकरच दिसला. १९८२-८३ मध्ये एल निन्योमुळे पनामात कडक अवर्षण पडले. १९८५ च्या गणनेत मेलेल्या झाडांचा हिशेब लागला, आणि पुढील गणनांत असे आढळले की ओलावा मागणाऱ्या कित्येक जाती मागे हटत आहेत. वरवर पाहता रान पूर्वीसारखेच हिरवेगार होते. डोळ्यांना न दिसलेला फरक बिल्ल्यांच्या वहीने दाखविला.

गणना नसते त्या वर्षीही काम थांबत नाही. १९८७ पासून त्याच पट्ट्यात झाडांखाली जाळ्यांचे २०० सापळे मांडलेले आहेत. दर आठवड्याला त्यांत पडलेली बी, फळे व फुले गोळा करून जातवार निवडतात. निवडणाऱ्याच्या खिडकीबाहेर अगूटी नावाचा सशाएवढा कुरतडणारा प्राणी तेच बी जमिनीत पुरत असतो. काही तो विसरतो, आणि तेथे रोप उगवते.

हीच पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. तमिळनाडूतील मुदुमलै येथे १९८८-८९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ५० हेक्टरांचाच पट्टा आखला. तेथे फीत धरणाऱ्याला रानात शिरण्यापूर्वी हत्तींची चाहूल घ्यावी लागते, आणि वहीतही त्यांची नोंद येते. वारंगाची झाडे त्या पट्ट्यातून झपाट्याने कमी झाली, ती मुख्यतः हत्तींनी मोडल्यामुळे.