लिलावातला ट्रॅक्टर आणि विम्याचा कागद



गाळप हंगाम आटोपून तोडणी-वाहतुकीची बिले हातात पडली की आपल्या भागात ट्रॅक्टर घेण्याचे वारे सुटते. नव्या ट्रॅक्टरची किंमत ऐकून पुष्कळजण लिलावाकडे वळतात. नाशिक जिल्ह्यात अलीकडच्या वर्षांत जिल्हा मध्यवर्ती बँकेने थकबाकीपोटी जप्त केलेले ट्रॅक्टर लिलावात काढले. फायनान्स कंपन्याही हप्ते थकलेल्या गाड्या ओढून आणून विकतात. तो ट्रॅक्टर कालपर्यंत आपल्यासारख्याच एखाद्या शेतकऱ्याच्या दारात उभा होता, याचे भान ठेवूनच बोली लावावी. पण कायद्याने विक्री होते आणि कुणीतरी घेतोच.

लिलावाच्या आवारात सर्वांचे लक्ष बोलीवर असते. टायर किती झिजले, इंजिनाचा आवाज कसा आहे, हायड्रॉलिक उचलते का, हे आपण बारकाईने बघतो. पण गेटाजवळ फाइल घेऊन उभा असलेला विम्याचा एजंट दिसला की, "आत्ता नको भाऊ, घरी नेल्यावर बघू," असे म्हणून त्याला वाटेला लावतो. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच की, विमा घरी नेल्यावर काढायचा नसतो, घरी नेण्याआधी काढायचा असतो.

चावी हाती आली की जोखीम आपली

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे निदान थर्ड पार्टी विम्याशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाचे एक वेळ सोडा, खरी भीती अपघाताची आहे.

हिशेब करून पाहू. समजा, लिलावातून ट्रॅक्टर घरी आणताना वाटेत तीस वर्षांचा एक मोटारसायकलस्वार दगावला. तो महिना १२ हजार कमावणारा आणि घरात चार माणसे त्याच्यावर अवलंबून. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत भरपाईची रीत घालून दिली आहे. त्या रीतीने पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवले की १६,८०० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करता १२,६०० उरतात. वर्षाचे १,५१,२०० झाले. वयाप्रमाणे १७ ने गुणले की २५,७०,४०० रुपये. इतर किरकोळ बाबी आणि व्याज वेगळेच.

विमा असेल तर ही रक्कम कंपनी भरते. नसेल तर आपण. तीन हजार रुपये टनाचा भाव धरला तर हा साडेआठशे टनांवर ऊस झाला. एकरी चाळीस टन पिकवणाऱ्याचा एकवीस एकरांचा सगळा ऊस, खर्च वजा न करता! शिवाय विमा नसलेले वाहन अपघातात सापडले तर तीन महिन्यांनंतर लिलावात काढण्याचा नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांना सांगितले आहे. म्हणजे लिलावातून आणलेला ट्रॅक्टर पुन्हा लिलावात जायचा.

"जुना विमा आहे ना, मग काय?"

हे वाक्य नेहमी ऐकू येते. पण ज्याचे हप्ते थकले, त्याचा विमाही थकलेला असणार, असेच धरून चालावे. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद दिसते. बोली लावण्याआधीच पाहून घ्या.

समजा विमा चालू निघाला, तरी तो अर्धाच कामाचा. कलम १५७ प्रमाणे वाहनाबरोबर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आला असे मानतात. पण चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचे असते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा असा आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कंप्लीट इन्शुलेशन्स खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे ट्रॅक्टर चोरीला गेला, जळाला किंवा कालव्यात गेला तर आधीच्या मालकाच्या पॉलिसीवर आपल्याला छदाम मिळणार नाही. आधीच्या मालकाची नो क्लेमची सवलतही आपल्याला लागू होत नाही. ती माणसाची असते, यंत्राची नव्हे.

तारखेबरोबर वेळही पहा

आगाऊ हप्ता भरल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरू होत नाही, हा विमा कायदा १९३८ चा नियम आहे. एजंटाने नुसते "झालं समजा दादा" म्हटल्याने काही होत नाही. पॉलिसीवर सुरुवातीची तारीख असते तशी वेळही असते. वेळ लिहिलेली असेल तर विमा त्या वेळेपासूनच धरायचा, असा १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. दुपारी चारला ट्रॅक्टर बाहेर काढला आणि पॉलिसी मध्यरात्रीपासूनची असली, तर मधले आठ तास आपण उघड्यावर. त्याच दिवशीचा विमा मिळाला नाही तर रात्रभर ट्रॅक्टर तिथेच राहू द्या, नाहीतर दुसऱ्या वाहनावर लादून आणा. भाड्याचे चार पैसे जातील, पण जमीन वाचेल.

ट्रॉली आणि टोळी

आपल्या धंद्यातली मोठी चूक इथे होते. ट्रॉली कायद्याने वेगळे वाहन आहे. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत तिची नोंद आणि तिचा हप्ता नसेल तर ट्रॉलीचा विमा नाही. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींची नोंद हवी.

ब्रिज मोहन यांच्या खटल्यात (२००७) वीटभट्टीच्या मातीकामावरचा मजूर ट्रॉलीवरून पडून जखमी झाला. विमा फक्त ट्रॅक्टरचा होता, तोही शेतीकामापुरता. विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मजूर गरीब म्हणून त्याला आधी कंपनीने पैसे द्यावेत, पण ते मालकाकडून वसूल करून घ्यावेत, असा हुकूम झाला. आपल्याकडे उसाच्या मोळ्यांवर आणि मडगार्डवर टोळीची माणसे, बायाबापड्या, लेकरे बसलेली आपण रोज पाहतो. त्यांना बसवू नका, हे पहिले. आणि दुसरे, आपण फक्त घरचा ऊस आणणार की दराने दुसऱ्यांचाही वाहणार, हे एजंटाला खरे सांगा. चार पैसे वाचवण्यासाठी "शेतीकामासाठी" लिहून घेतले तर ऐन वेळी तोच शब्द आड येतो.

नाव बदलल्याशिवाय काम पुरे नाही

सातबाऱ्यावर जसा बोजा असतो तसा आर. सी. बुकावरही असतो. बँकेच्या लिलावात विक्रीचा दाखला, ताबा पावती आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळणार का, हे बोलीआधी विचारा. सरकारी लिलावातील वाहनासाठी ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत फॉर्म ३२ आर. टी. ओ.कडे द्यावा लागतो. सोबत विमा प्रमाणपत्र लागतेच. सरकारी खात्याची पंधरा वर्षांवरची गाडी मात्र स्वस्त म्हणून घेऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून तिच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, ती भंगारातच जायची.

नाव बदलायला उशीर केला तर आणखी एक तोटा आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मिळायचा तर आर. सी.वर आणि पॉलिसीवर त्याचेच नाव हवे आणि त्याच्याकडे चालू लायसन्स हवे. आणि ज्याने आपले वाहन विकले, त्यानेही आपले नाव उतरले की नाही ते पाहावे. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात वाहन हातोहात विकले गेले होते, तरी नोंदणीवर ज्याचे नाव होते त्यालाच जबाबदार धरले गेले.

एजंटाला विचारण्याचे प्रश्न

१) पॉलिसी कोणाच्या नावाने निघणार? आर. सी. जुन्या मालकाची असताना कंपनी कोणते कागद मान्य करते?
२) विमा किती वाजता सुरू होणार?
३) नुसता थर्ड पार्टी की नुकसानीसह? नुकसानीसह असेल तर पाहणी कधी?
४) ट्रॉलीचा नंबर आणि वापराचा प्रकार बरोबर लिहिला आहे का?
५) ट्रॅक्टरची किंमत किती धरली? ती लिलावातल्या बोलीवर ठरत नाही. नव्याच्या किमतीतून घसारा वजा करून ठरते. पाच वर्षांवरच्या वाहनाची किंमत आपसांत ठरवतात.

इंजिन आणि चासी नंबर स्वतः ताडून पहा. हप्ता रोख देऊन चिठ्ठी घेऊ नका, कंपनीची पावती घ्या. पॉलिसीवरचा क्यूआर कोड तिथेच मोबाईलवर तपासा. "माझ्या कमिशनमधून तुम्हाला सूट देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा, अशी सूट देणे-घेणे कायद्याने मना आहे.

जाता जाता एक सुचवावेसे वाटते. दहावी झालेल्या मुलामुलींना पंधरा तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन विमा विक्री प्रतिनिधी होता येते. आपल्या गटातली चार पोरे असे काम शिकली, तर लिलावाच्या गेटावर ट्रॅक्टर, ट्रॉली आणि टोळी म्हणजे काय हे जाणणारे माणूस उभे राहील. सभासदाला नेमका विमा मिळेल आणि पोरालाही दोन पैसे मिळतील.

पुढील हंगामासाठी लिलावातून वाहन घेणाऱ्या सभासदांनी वाहतूक करार करण्यापूर्वी ट्रॅक्टर व प्रत्येक ट्रॉलीचे विम्याचे कागद गट ऑफिसमध्ये दाखवून तपासून घ्यावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी