बाळाचा हात हलत नसेल तर

टिटवाळ्याच्या वस्तीत बाळंतीण घरी आली आणि बाळाचा एक हात लुळा दिसला, की पहिला सल्ला ठरलेला: "तेलाने चोळा, नस दबलीय." नस दुखावलेली असते हे खरे, पण चोळून ती बरी होत नाही. डोके बाहेर आल्यावर खांदा आईच्या हाडाशी अडकतो, तेव्हा मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. बहुतेक बाळांचा हात काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतो. लगेच डॉक्टरांना दाखवा, व्यायाम शिकून घ्या. बाळाला हाताला धरून उचलू नका. अंगडे आधी दुखऱ्या हातात घाला. तीन महिन्यांनीही कोपर वाकत नसेल, तर मोठ्या रुग्णालयात न्यावेच.

हा हलगर्जीपणा का? दर वेळी नाही. कोणाचा खांदा अडकेल हे आधी नक्की सांगता येत नाही. अडकल्यावर डॉक्टरांनी काय केले, हे महत्त्वाचे, आणि ते केसपेपरवर असायला हवे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या. आपण इथेच कमी पडतो. डिस्चार्ज कार्डसुद्धा हरवून बसतो.

खासगी दवाखान्यात पैसे भरले असतील, तर दोन वर्षांच्या आत ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. सगळ्यांवर मोफत उपचार करणाऱ्या सरकारी दवाखान्याबाबत मात्र सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालामुळे ही वाट बंद आहे. तिथे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. खासगीत भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती तेव्हाच मागून घ्या.