फेरी कुठून सुरू करायची?

शिकागो म्हटलं की आपल्याला १८९३ची सर्वधर्म परिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. ज्या इमारतीत विवेकानंद बोलले, तिथे आज आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय आहे. तिच्या जवळच, मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या सांता फे बिल्डिंगमध्ये, शिकागो आर्किटेक्चर फाउंडेशन ही संस्था अनेक वर्षं होती. लोकांना पायी हिंडवून शहरातल्या इमारती समजावून सांगायच्या, हे तिचं काम. आज मला बोलायचं आहे ते या संस्थेच्या स्वयंसेवक वाटाड्यांविषयी.

या संस्थेचा जन्म १९६६चा. ग्लेसनर हाउस नावाचं १८८७ सालचं दगडी घर पाडलं जाऊ नये म्हणून काही मंडळी एकत्र आली. घर वाचलं. पण एक घर वाचवून भागत नाही, लोकांना इमारतींची गोडी लागली तरच पुढच्या इमारती वाचतील, हे त्यांनी ओळखलं. १९७१पासून स्वयंसेवक तयार होऊ लागले. त्यांना तिकडे ‘डोसेंट’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिकवणारा. आज त्यांची संख्या शेकड्यांत आहे. त्यांतले बरेचसे वास्तुविशारद नाहीत. पगार नाही, पण प्रशिक्षण मात्र कसून घ्यावं लागतं.

२०१८ मध्ये ही संस्था सुमारे एक किलोमीटर उत्तरेला, नदीकाठी गेली. ३१ ऑगस्टला ‘शिकागो आर्किटेक्चर सेंटर’ या नव्या नावानं तिथलं दालन उघडलं. शहराची छोटी प्रतिकृती तिथे मांडली आहे, चार हजारांहून जास्त इमारतींची. नदीतल्या फेरीची बोट तर समोरूनच सुटते.

तुम्ही म्हणाल, एक किलोमीटरनं असा काय फरक पडतो? वाटाड्याला पडतो. सांता फे बिल्डिंग १९०४ची, डॅनियल बर्नहॅम यांच्या कचेरीनं बांधलेली. शिकागोचा १९०९चा प्रसिद्ध नगर-आराखडा याच इमारतीच्या माथ्यावर आखला गेला. तिथे उभा राहणारा वाटाड्या वर बोट दाखवून सुरुवात करू शकत होता. नवी जागा मीस व्हॅन डर रोह यांच्या कचेरीनं रचलेल्या, पोलाद आणि काचेच्या इमारतीत आहे. समोर नदी, जिचा प्रवाह १९००मध्ये माणसांनी उलटा फिरवला. म्हणजे पहिलं वाक्य बदललं. जुन्या इमारतींपर्यंत चालायचं अंतर वाढलं, म्हणजे बोलायचा वेळ घटला. मग कोणती हकिकत ठेवायची, कोणती गाळायची? अशा स्थलांतराची खरी तयारी ही असते. खोकी बांधणं त्या मानानं सोपं.

हे सगळं मला इथे दहिसरला बसून जवळचं वाटतं, त्याला कारण मंडपेश्वर. दहिसरहून बोरिवलीकडे जाताना आय. सी. कॉलनीजवळ ही लेणी लागतात. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ही शैव लेणी. आत नटराज आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, लेण्याचं चर्च झालं, वर मठ उभा राहिला. १७३९पर्यंत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली. आज वर त्या मठाचे भग्न अवशेष आहेत, भिंतीवर कोरलेला क्रूस आहे आणि लेण्यात शिवलिंगाची पूजाही होते.

आता सांगा, इथे पाहुण्यांना घेऊन गेलात तर सुरुवात कुठून कराल? नटराजापासून केलीत तर एक गोष्ट होते, वरच्या अवशेषांपासून केलीत तर दुसरी. सुरुवात कुठूनही करा, पण वाट सगळ्या थरांतून गेली पाहिजे. सोयीचा थर दाखवून गैरसोयीचा वगळला, तर आपण वाटाडे उरत नाही, वकील होतो. मी मुसलमान, मराठीत कविता लिहिणारा. ना तो नटराज माझ्या घरचा, ना तो क्रूस. पण गाव माझं आहे, म्हणून दोन्हींची हकिकत नीट सांगणं हे माझंही काम आहे.

उपनगरांत जुन्या चाळी, बैठी घरं जाऊन टॉवर येताहेत. प्रत्येक इमारत वाचणार नाही, वाचावी असंही नाही. पण ती कुणी बांधली, तिथे कोण राहिलं, हे सांगणारं माणूस तरी उरावं. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, गृहिणी, कॉलेजची मुलं, कुणीही हे करू शकेल. मोठं दालन नसलं तरी चालेल. रविवारची सकाळ आणि ऐकायला चार शेजारी, एवढ्यावर सुरुवात होते.