मलकापूरचं पार्सल नागपूर बघून येतं

मुक्ताईनगर आणि मलकापूर ही एकाच महामार्गावरची शेजारची गावं. मागच्या वर्षी माझ्या १२० भरलेल्या प्रश्नावल्या मलकापूरहून कुरियरने निघाल्या. ट्रॅकिंगवर काय दिसलं? अकोला, नागपूर, जळगाव आणि मग मुक्ताईनगर. सहा दिवस! नागपूरहून जळगावला जाताना पार्सल महामार्गाने पुन्हा मलकापूर आणि आमचं गावही ओलांडून गेलं असणार. इकडे सल्लागार समितीची बैठक तोंडावर, आणि दाखवायला डेटाच नाही.

तुम्ही म्हणाल, काय हा कारभार! मलाही तसंच वाटलं होतं. पण जरा कागद घ्या. २० गावं एकमेकांना थेट जोडायची तर मार्ग लागतात २० × १९ ÷ २, म्हणजे १९०. त्यातल्या बऱ्याच गाड्या अर्ध्या रिकाम्या धावणार. मध्ये एक केंद्र ठेवलं की २० मार्गांत भागतं आणि गाडी भरून जाते. फेडेक्सने १९७३ साली मेम्फिसला असंच केंद्र केलं.

मग शेजारच्या गावाचंच घोडं का अडतं? पिनकोड बघा. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणलेल्या या पद्धतीत पहिले तीन अंक टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात. मलकापूर ४४३१०१, मुक्ताईनगर ४२५३०६. रस्ता एक, पण एक गाव विदर्भाच्या खात्यात, दुसरं खानदेशाच्या. कुरियरवाल्यांची जाळी वेगळी असली तरी सीमेवरच्या गावांचं दुखणं तेच.

यावर मॉर्टन ओ'केली यांचा १९८७ चा शोधनिबंध जरूर वाचा. केंद्रं कुठे ठेवायची, कोणतं गाव कोणत्या केंद्राला जोडायचं, हा त्यांचा प्रश्न. गंमत अशी की एका पार्सलचा खर्च दोन्ही टोकांची गावं कुठे जोडलीत यावर एकाच वेळी ठरतो. म्हणून समीकरणात दोन अज्ञातांचा गुणाकार येतो, आणि गावं वाढली की संगणकही घामाघूम होतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. असं मॉडेल एकूण खर्च कमी करतं. माझे सहा दिवस त्या बेरजेत कुठेच नाहीत. 'कोणतंही पार्सल दोन दिवसांपेक्षा जास्त फिरू नये' अशी अट घाला, की उत्तर बदलतं, खर्चही वाढतो. तो कोणी सोसायचा, हे गणित सांगत नाही.

दुसऱ्या फेरीच्या प्रश्नावल्या मी एसटीने जाऊन स्वतः घेऊन आलो. दुपारच्या जेवणाला घरी.