करणी, भानामती आणि 'सैतान': गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्याच्या आवारात जादूटोण्यासाठी रेड्याची शिंगे पुरल्याच्या चर्चेवर नेत्यांनी विधाने केली आणि वाहिन्यांनी ती दिवसभर चालवली. मुंबईत असा विषय चार दिवसांत विरतो. मराठवाड्यात औसा, निलंगा, मुखेड, देगलूरकडच्या एखाद्या वाडीत मात्र 'हिनेच करणी केली' एवढे वाक्य एखाद्या म्हातारीला गावातून उठवायला पुरते. म्हणून काही गोष्टी स्वच्छ सांगायला हव्यात.

गैरसमज : जादूटोणाविरोधी कायद्याने वारी, कीर्तन, नवस बंद होतात.

वस्तुस्थिती : विधेयक अडवण्यासाठी हाच प्रचार वर्षानुवर्षे झाला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यात एक स्वतंत्र कलम केवळ ही शंका दूर करण्यासाठी आहे. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, नवस, मोहरमची मिरवणूक, मुलांचे कान टोचणे, जैनांचे केशलोचन, एवढेच काय, नंदीबैलवाल्या जोशाचा सल्लाही कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन काल होते तसे आजही बिनधास्त चालते.

गैरसमज : हा कायदा एकाच धर्माच्या विरोधात आहे.

वस्तुस्थिती : कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये दिली आहेत. त्यांत अमुक धर्माचा माणूस असे कुठेही नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळदंडाने बांधणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणे, हे गुन्हे आहेत. करणारा बुवा असो की बाबा. अध्यादेशाखालच्या अगदी पहिल्या गुन्ह्यांपैकी एक सप्टेंबर 2013 मध्ये आपल्या नांदेडमध्येच नोंदला गेला. कॅन्सर, एड्स, मधुमेह चमत्काराने बरे करण्याचा दावा करणारे त्यातले संशयित मुस्लीम होते.

गैरसमज : भानामती झाली म्हणजे ती करणारा कुणीतरी गावात असतोच.

वस्तुस्थिती : मराठवाड्यात भानामतीची लक्षणे सगळ्यांना पाठ आहेत. बाई कुत्र्यासारखी भुंकते, घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेट घेतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत जाऊन तपास केले, तेव्हा दगड टाकणारा हात घरातलाच निघाल्याचे पुन्हा पुन्हा दिसले. सासुरवास, कोंडमारा, न बोलता येणारे दुःख असे बाहेर पडते. त्याला मानसोपचार लागतात, देवऋषी नाही.

करणारा 'शोधायला' निघाले की काय होते, ते ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द गावाने दाखवले. भानामतीच्या संशयावरून सात दलितांना भर चौकात बांधून मारले. त्यांत म्हाताऱ्या बायकाही होत्या. कुणी करणी करतो, मंत्राने जनावराचे दूध आटवतो, कुणी सैतान आहे, असे जाहीर करून त्याचे जगणे अवघड करणे हाच कायद्याने गुन्हा आहे.

गैरसमज : परदेशातले सैतानपंथ आणि 'विक्का' म्हणजे नरबळी देणाऱ्यांच्या टोळ्या.

वस्तुस्थिती : विक्का हा विसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुढे आणलेला, निसर्ग आणि ऋतुचक्र पूजणारा पंथ आहे. सैतान ही यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरेतली कल्पना. विक्कात त्याला जागाच नाही. अँटन लावे यांनी 1966 साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापलेले 'चर्च ऑफ सेटन' तर सैतान प्रत्यक्षात आहे असेही मानत नाही, त्याला केवळ प्रतीक समजते. तरीही 1980 च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजकांच्या अफवांनी कहर केला. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर 1983 पासून आरोप झाले, टीव्हीने ते घरोघरी नेले, खटला 1990 पर्यंत रेंगाळला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. 1992 मध्ये एफबीआयच्या केनेथ लॅनिंग यांनी आपल्या अहवालात सांगितले की, नरबळी देणाऱ्या संघटित सैतानी टोळ्यांचा पुरावा मिळालेला नाही. बालवाडी चालवणाऱ्यांचे आयुष्य मात्र तोवर उद्ध्वस्त झाले होते.

अमेरिकेत काय आणि मराठवाड्यात काय, ज्याच्यावर बोट रोखले जाते त्याचेच नुकसान होते. आपल्याकडे ते रोखायला जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. बुवाची जाहिरात छापणाराही यातून सुटत नाही, हे संपादकांनी आणि पुढाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गावात कुणावर करणीचा आळ येत असेल, तर चौकात माणसे जमण्याची वाट पाहू नका. लगेच 112 वर फोन करा आणि आजारी माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्या.